आठ पाय हवेत, आणि एक शेपूट

खरं सांगते, मी भंडाऱ्याला बैलांसाठी गेलेच नव्हते. आमच्या नाशिकच्या छायाचित्र मंडळाच्या अध्यक्षांचं तोंड बंद करायला गेले होते. या गृहस्थांनी भर बैठकीत माझे फोटो पाहिले: ओट्यावर झोपलेलं मांजर, देवळाच्या पायरीवर झोपलेलं कुत्रं, गोदाकाठी झोपलेली गाय. मग चष्मा वर सरकवून म्हणाले, "ताई, यातला एखादा प्राणी जिवंत आहे याचा पुरावा काय?" सगळे हसले. मीही हसले, कारण दुसरं काय करणार? वार्षिक प्रदर्शनाचा विषय होता 'वेग'. मी तिथल्या तिथं जाहीर करून टाकलं, की मी असा फोटो आणेन ज्यात जनावराचे चारही पाय जमिनीवर नसतील. पोस्टात सत्तावीस वर्षं शिक्के मारलेल्या बाईनं असलं काही जाहीर करू नये. पण जीभ घसरली, आणि आता पाय हवेत दाखवणं भाग होतं.

मग आठवली सुनंदा. नागपूरच्या वसतिगृहात माझ्या खोलीत राहायची. लग्न होऊन अड्याळच्या पलीकडं, आत चार-पाच किलोमीटरवरच्या एका गावात गेली. तिच्या गावाला दर हिवाळ्यात शंकरपट भरतो, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. मधली काही वर्षं बंदी होती, आता पुन्हा सुरू झालाय. फोन केला तर पलीकडून ओरडलीच, "ये ना बाप्पा! विचारतं कायले? आमचीबी जोडी आहे पटात!"

वरठी ते गाव

प्रवासाचं काही सांगत नाही, गाडीत बसले आणि उतरले. भंडारा रोड स्टेशन हे भंडाऱ्यात नसून वरठीला आहे, एवढं कळायला मात्र उतरावं लागलं. बाहेर कारखान्याची पाळी सुटलेली, मोटरसायकली आणि सायकलींचा लोंढा, आणि त्यात एक सडपातळ गृहस्थ, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. सुनंदाचे यजमान, मोरेश्वर मास्तर. जिल्हा परिषदेच्या शाळेचे मुख्याध्यापक आणि पट समितीचे सचिव.

"हे सामान मोटरसायकलवर?" मी विचारलं. माझ्याकडं एक मोठी बॅग, एक तिपाई आणि हातभर लांबीची लेन्स होती.

"बसून जाते मॅडम. गेल्या आठवड्यात मी याच्यावर शाळेची घंटा आणली."

घंटेला मान नसते, मला आहे. पाऊण तास तिपाई दोन्ही हातांनी धरून बसले. मास्तर पुढून मागं मान वळवून बोलत होते. त्यांनी मला पटाचे नियम सांगितले: काठी नाही, चाबूक नाही, टोचणी नाही, शेपूट पिरगाळणं नाही, शेपूट चावणं तर अजिबात नाही.

"चावणं?" मला वाटलं वाऱ्यात चुकीचं ऐकलं.

"जुने धुरकरी चावायचे. म्हणजे छकडी हाकणारे. शेपटाले दात लावला की बैल उधळतो. आता बंद. सगळ्यांकडून लिहून घेतलं मी. एक तक्रार गेली तर परवानगी रद्द, पट कायमचा गेला समजा. आमच्या पटाले मी कलंक लागू देणार नाही."

इतकं सरळ बोलणारा माणूस मोटरसायकल इतकी वाकडीतिकडी का चालवतो, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

सुनंदानं दारातच मिठी मारली आणि अर्ध्या तासात पानावर बसवलं. लाखोरीच्या डाळीचे गरम वडे, वर कच्चं तेल, वाफाळता भात आणि वांग्याची झणझणीत भाजी. माझ्या सासरी भात हा जेवणाच्या शेवटी येणारा पाहुणा. इथं भात घरमालक आहे, पोळीला कोणी विचारत नाही. तिसऱ्यांदा भात नको म्हटलं तर सुनंदा म्हणाली, "नाशिकात उपाशी ठेवतात का तुले?" म्हणून घेतला.

संध्याकाळी मास्तरांनी गोठ्यात नेलं. वजीर आणि सोन्या. वजीर पांढराशुभ्र, उंच, डोळ्यांत काजळ घातल्यासारखी रेघ. मास्तर त्याच्या कानामागं खाजवत उभे राहिले आणि पहिल्यांदा पाच मिनिटं काही बोलले नाहीत.

पटाचा पहिला दिवस

सकाळी सातला मी जागा पाहायला गेले. धान कापून रिकाम्या झालेल्या बांध्या सपाट करून दोन समांतर पट्ट्या आखलेल्या. दोन जोड्या एकदम सुटणार, झेंडी पडणार, जी आधी पोचेल ती पुढच्या फेरीत. मी सगळं कागदावर मांडलं. सूर्य डावीकडून, बैल उजवीकडून, म्हणजे उजेड तोंडावर. जमिनीला टेकून बसायचं, म्हणजे खुरांखालची हवा दिसेल. शटर एका सेकंदाचा दोन हजारावा भाग. शेवटच्या टप्प्यातली एक जागा नेमकी धरून ठेवायची आणि बैल तिथं येईपर्यंत श्वास रोखायचा. मंडळाच्या शिबिरात हे सगळं वहीत लिहून घेतलं होतं. वहीत बैल नव्हते.

दहा वाजता पहिली जोडी सुटायची होती. दहा वाजता उद्घाटन सुरू झालं. साडेदहाला पाहुण्यांचं आगमन, अकराला सत्कार. सत्कारमूर्तींच्या यादीत चौदावं नाव माझं. "नाशिकहून खास आलेल्या सुप्रसिद्ध छायाचित्रकार" असं मास्तर माइकवर म्हणाले, तेव्हा मी मागं वळून पाहिलं, कोण आलंय म्हणून. शाल, नारळ, गुच्छ. मग मास्तरांचं भाषण. घरी बोलतात ती बोली घरीच ठेवून आलेले.

"बंधू-भगिनींनो, बैल हा आपला सख्खा भाऊ आहे. सांगा, भावाच्या अंगाला कोणी दात लावतं का?"

"नाही!" गर्दी ओरडली. गर्दीतले निम्मे जण तंबाखूचा खर्रा चघळत होते, त्यामुळं 'नाही' जरा ओलं ऐकू आलं.

तोवर उजेड डोक्यावर आला आणि माझा कागद निकामी झाला. तरी जाऊन बसले. पहिली जोडी आली. काय आवाज तो! जमीन पोटात हादरते. मी बटण दाबून धरलं आणि नंतर पाहिलं तर बारा फोटोंत धूळ, तीनांत एका गृहस्थाची पाठ, आणि एकात बैलाचं नुसतं नाक.

दुसरी जोडी आली. गंमत म्हणजे लांबून वाऱ्याच्या वेगानं येणारी जोडी माझ्यासमोर आल्यावर चक्क दुडक्या चालीवर आली. तिसरीचंही तेच. धुरकरी दोन्ही हात वर करून, जणू पोलिसानं पकडलंय अशा थाटात उभा. मला पार करून गेला की पुन्हा सुसाट. असं चार-पाचदा झालं. मी लेन्स पुसली, सेटिंग बदललं, जागा दहा पावलं सरकवली. बैल तिथंही मंदावायला लागले.

शेजारी बांधावर पांढरा दुपट्टा गुंडाळलेले एक आजोबा बसले होते. त्यांनाच माझी दया आली.

"मॅडम, तुम्ही कोर्टाच्या हाय का?"

"कोर्टाच्या? नाही हो. मी फोटो काढते."

"थे तं दिसूनच राहिलं. पन येवढी मोठी नळी घेऊन कोनी फोटो काढते का? सगळ्या धुरकऱ्यांत बातमी हाय का कोर्टानं बाई पाठवली. तुमच्या समोर आले का हात वर करून घेतात. बैलबी हुशार, त्याले समजते."

म्हणजे अख्ख्या पटात बैल जिथं हळू चालतात अशी एकमेव जागा मी मेहनतीनं शोधून काढली होती. कपाळाला हात लावला.

दुपारी आणखी एक मजा. आंधळगावहून आलेल्या एक काकू माझ्याशेजारी टेकल्या आणि थेट मुद्द्यावर आल्या, "पोरगा पाहाले आल्या का पोरगी?" आमच्याकडं सोयरिकी मोबाइलवरच्या गटांत जुळतात आणि तिथंच मोडतात. इथं पटाला लेकी-जावई येतात, पाहुण्यांनी घरं भरतात, आणि बैल पाहता पाहता माणसंही पाहून होतात. मी फक्त बैलांचा फोटो काढायला आले हे काकूंना काही केल्या पटेना. "बैलाचे फोटो कायले? थे का लगन करून राहिले?" मग त्यांनी आपल्या भाचीला पुढं केलं. "इचा काढा एक चांगला. तुमचं हे धावतं-बिवतं नको, उभी राहून पाहिजे." तो फोटो पहिल्या झटक्यात उत्तम आला. अध्यक्षांना कळलं असतं तर काय म्हणाले असते ते नको.

घरी गेले ती चिडूनच. सुनंदाला सगळं सांगितलं. ती भाजी निवडता निवडता इतकी हसली की मेथी खाली सांडली.

"तुले लपून बसा लागते, वैशे. आमच्या तणसाच्या ढिगात बसतं का? पट्टीच्या बाजूलेच आहे."

"आणि मास्तर? ते मला उद्याही मंचावर बसवणार आहेत. पाहुण्यांत खुर्ची ठेवलीय."

"त्यायले मी सांगतो तुह्यं पोट बिघडलं म्हणून. वडे जास्त झाले म्हणून." वडे तिनंच वाढले होते.

दुसरा दिवस, तणसाच्या ढिगात

तणस म्हणजे धानाचा पेंढा. दिसायला सोनेरी आणि मऊ. आत बसून पाहा. मानेत टोचतं, कानात जातं, आणि त्यात राहणाऱ्या किड्यांना पाहुण्यांचं फार अप्रूप. वरून सुनंदानं आपलं जुनं मातकट लुगडं पांघरलं, लेन्सपुरती फट ठेवली आणि "शिंकू नको" एवढं सांगून निघून गेली. आमच्या मंडळातले लोक वाघाला लपून टिपायला जंगलात जातात. मी शेतकऱ्याच्या बैलाला लपून टिपत होते.

पण चमत्कार झाला! बैल धावायला लागले. आणि माणसंही मोकळी झाली. फटीतून मी जे पाहिलं ते सांगायचं तर, लिहून दिलेले सगळे नियम माझ्यासमोरून एकेक करून पळत गेले. एकाच्या मुठीत काहीतरी चमकलं. एकानं शेपटाला असा पीळ दिला की माझंच अंग दुखलं. समितीचा अधिकृत व्हिडिओवाला होता, पण तो दोन्ही दिवस मंचाकडं तोंड करून उभा होता. त्यामुळं सरकारदरबारी गेलेल्या चित्रीकरणात बैल नसून फक्त पाहुणे आहेत, आणि पाहुण्यांना कोणी चावलं नाही.

मला काय त्याचं? मला पाय हवे होते. चार फेऱ्यांत तीन पाय वर असलेले फोटो मिळाले. चौथा पाय जमिनीला लाज वाटेल इतका चिकटलेला.

शेवटच्या फेरीआधी माइकवर गडबड ऐकू आली. मास्तरांच्या जोडीचा धुरकरी पडला होता, मनगट सुजलं होतं. जोडी मागं घ्यायची की काय? मग आवाज आला, "वजीर आणि सोन्या या जोडीवर स्वतः आपले मोरेश्वर मास्तर!" शिट्ट्या, टाळ्या, ढोल. फटीतून मी मास्तरांना धोतर खोचावं तशी पँट वर ओढताना पाहिलं. पेनं त्यांनी काढून कोणाकडं तरी दिली होती.

झेंडी पडली. दोन जोड्या आल्या. मास्तर मागं होते, अर्ध्या बैलानं मागं. मी श्वास रोखला. अगदी माझ्यासमोर, जिथं गर्दी नाही आणि जिथं नुसता तणसाचा ढीग आहे, तिथं मास्तर छकडीवरून पुढं झुकले. मी बटण दाबलं. वजीरनं अशी झेप घेतली की पलीकडची जोडी उभी आहे असं वाटलं. एका नाकाच्या फरकानं मास्तर जिंकले.

मी ढिगातच पडद्यावर फोटो पाहिला. आठ पाय! वजीरचे चार, सोन्याचे चार, आठच्या आठ हवेत. खाली धुळीचा पातळ पट्टा, त्यावर दोघांची सावली तुटलेली. डोळा अगदी स्पष्ट, नाकपुडीतला वाफेचा झोतसुद्धा दिसत होता. आणि उजव्या कोपऱ्यात, तितकेच स्पष्ट, मुख्याध्यापक मोरेश्वर मास्तर, वजीरचं शेपूट दातांत धरून.

मी हसले. तणसात तोंड खुपसून पोट दुखेपर्यंत हसले. सख्ख्या भावाला दात!

स्वयंपाकघरात

बक्षिसाची ढाल आणि फवारणीचा पंप घेऊन मिरवणूक घरी आली, चहा झाला, माणसं पांगली. दिवस मावळायला आला होता. मी आधी सुनंदाला फोटो दाखवला. तिनं पदर तोंडात कोंबला आणि खाली बसली. "अट्ठावीस वर्षं झाली मले हा माणूस सांगून राहिला, जोरात बोलू नको, खोटं बोलू नको, पोरायसमोर चांगलं वाग!" मग डोळे पुसले. "वैशे, हा बाहेर गेला तर पट बंद होते. शाळेत तोंड दाखवायची सोय राहात नाही त्यायले."

मला ते कळत होतं. पण माझाही जीव त्या फोटोत अडकला होता. असा फोटो आयुष्यात एकदा येतो, आणि मी सत्तावन्न वर्षांची आहे.

तेवढ्यात मास्तर गोठ्याकडून आले. हातात वाटी, वाटीत हळद. मी त्या क्षणी काय सुचून हे केलं कोण जाणे, कॅमेरा सरळ त्यांच्यापुढं धरला. मला त्यांचं तोंड पाहायचं होतं, हे कबूल करते. दोन दिवस माइकवरून ऐकलेलं सगळं मला एकदम वसूल करायचं होतं.

त्यांनी चष्मा लावला. पाहिलं. म्हणाले, "आठही वर आहेत." मग बराच वेळ पाहत राहिले. "हे मोठं होते का? इथं." त्यांनी बोट ठेवलं ते स्वतःच्या तोंडावर नाही, शेपटावर. मी मोठं केलं. गोंड्याच्या वर, पांढऱ्या केसांत, लाल होतं.

मी हा फोटो तासभर पाहिला होता. खूर मोजले होते, धुळीचा कण न् कण पाहिला होता, मास्तरांचे दात तर दहादा मोठे करून पाहिले होते. ते रक्त मला दिसलं नव्हतं. मला लाज वाटली, आणि ती लपवायला जागा नव्हती.

"सगळेच करतात," मी म्हटलं. का म्हटलं ते माहीत नाही.

"सगळे करतात म्हणून नाही केलं मी, मॅडम. हरून राहिलो होतो म्हणून केलं." त्यांनी वाटी सुनंदाच्या हातात दिली. "वजीर एवढासा होता तवापासून मी पोसलं त्याले. आता हात लावू देऊन नाही राहिला मले. तू लावून पाहा बरं."

सुनंदा गेली. मास्तरांनी कॅमेरा माझ्या हातात परत दिला. पुसून टाका म्हणाले नाहीत, लपवा म्हणाले नाहीत. "फोटो तुमचा आहे. काय करायचं थे तुम्ही ठरवा," एवढंच म्हणाले आणि अंगणात जाऊन उभे राहिले. दुसऱ्या दिवशी वरठीला सोडायला आले तेव्हा वाटेत मान वळवून एकदाही बोलले नाहीत. मोटरसायकल मात्र सरळ चालवली.

नाशिक

घरी येऊन चार दिवस विचार केला. मग मला एक अतिशय हुशार तोडगा सुचला. फोटो उजवीकडून कापायचा. बैलांच्या पुठ्ठ्यापाशी कात्री मारली की छकडी गेली, मास्तर गेले, शेपूट गेलं. आठ पाय शाबूत. पट वाचला, मास्तर वाचले, मी वाचले. सगळ्यांची सोय झाली म्हणून मी स्वतःवर भलतीच खूश झाले.

पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षक कुठूनसे बाहेरून आलेले, खांद्यावर झोळी, बोलणं संथ. ते म्हणाले, "या चित्रात मला काय दिसतं? मुक्त प्राणी. कोणाच्याही बळजबरीशिवाय, निव्वळ धावण्याच्या आनंदासाठी धावणारा प्राणी." दोघांच्या मानेवरचं जू त्यांना दिसलं नाही, किंवा दिसलं असेल, पण वाक्य आधीच ठरलं असेल. अध्यक्षांनी चष्मा वर सरकवला आणि काही बोलले नाहीत. याच क्षणासाठी मी तणसात बसले होते, आणि तो क्षण असा पचपचीत निघाला.

मग मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी काय बोलावं? मी बोलले, प्राणी आणि माणूस यांच्यातल्या विश्वासाबद्दल. चांगली सहा मिनिटं बोलले. टाळ्या झाल्या.

कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला, तो मी हौसेनं सुनंदाला पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला, पण मास्तरांचा.

"अभिनंदन मॅडम. भाषण ऐकलं. छान बोलल्या."

"वजीर कसा आहे?" मी घाईघाईनं विचारलं.

"बरा आहे. जखम भरली. केस येऊन राहिले." मग म्हणाले, "फोटोबी पाहिला. शेपूट दिसलं नाही कुठं."

"फ्रेममध्ये मावलं नाही हो मास्तर."



"हो ना," ते म्हणाले. "माह्या भाषणातबी नाही मावत ते."